'बेन-हर'वाल्या रोझाचे कॉन्चेर्टो: एकाच रचनेची इतकी रेकॉर्डिंग्ज कशाला?

म्युझिक अ‍ॅपवर मिक्लोश रोझा हे नाव टाकलं की सगळ्यात आधी येतं 'बेन-हर' या रथांच्या शर्यतीवाल्या हॉलिवूड सिनेमाचं संगीत, मग आणखी सिनेमे, आणि खाली खाली जात राहिलं की मध्येच व्हायोलिन कॉन्चेर्टो, चेलो कॉन्चेर्टो, व्हियोला कॉन्चेर्टो (चेलो म्हणजे व्हायोलिनचं मोठं, जाड आवाजाचं भावंड, आणि व्हियोला त्या दोघांच्या मधली) असं काहीतरी दिसायला लागतं, तेही एकदाच नाही, तीच रचना चार-पाच वेगवेगळ्या कव्हरवर. ज्याला पाश्चात्य शास्त्रीय संगीताची सवय नाही तो इथेच गोंधळतो. हा माणूस सिनेमाचा की मैफलीचा? एकच गोष्ट इतक्या जणांनी पुन्हा पुन्हा का वाजवली? आणि यातलं 'खरं' कुठलं मानायचं? मी कुणाला यातली एखादी लिंक पाठवली की हेच तीन प्रश्न परत येतात, म्हणून म्हटलं एकदा बसून सविस्तरच लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो जगभर सतत कुठे ना कुठे स्टेजवर वाजत असतो, त्याची सगळी रेकॉर्डिंग्ज उद्या गायब झाली तरी तो मरणार नाही. रोझाच्या कॉन्चेर्टोंचं तसं नाही. सिनेमावाला असा शिक्का बसल्यामुळे ऑर्केस्ट्रांनी ते फार क्वचित कार्यक्रमात घेतले, आणि ते टिकले ते मुख्यतः रेकॉर्डिंगमुळे. म्हणून इथे रेकॉर्डिंग म्हणजे मैफलीची आठवण नाही, ती रचना जिवंत राहण्याची जागाच ती आहे. हे एकदा लक्षात आलं की त्या चार-पाच कव्हरचा अर्थ लागायला लागतो.

आधी कॉन्चेर्टो म्हणजे काय ते

कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक विरुद्ध पूर्ण ऑर्केस्ट्रा, असं बरेच जण सांगतात, पण मला 'विरुद्ध' हा शब्द अर्धाच बरोबर वाटतो. एक मुख्य वादक असतो, त्याला सोलोइस्ट म्हणतात, आणि त्याच्या मागे साठ-सत्तर किंवा जास्तच लोकांचा ऑर्केस्ट्रा. कधी दोघं वाद घालतात, कधी ऑर्केस्ट्रा मुकाट्याने साथ करतो, कधी सोलोइस्ट गप्प बसून ऐकतो. आपल्याकडच्या जुगलबंदीची थोडी आठवण होईल पण फरक मोठा आहे, इथे जवळजवळ प्रत्येक सूर आधीच कागदावर लिहिलेला असतो.

साधारण तीन भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात, पहिला भरीव, दुसरा संथ, तिसरा पळणारा. मध्ये एखाद्या ठिकाणी ऑर्केस्ट्रा पूर्ण थांबतो आणि सोलोइस्ट एकटाच वाजवत राहतो, तो तुकडा म्हणजे कॅडेन्झा. आणि नावापुढे जो ओपस आकडा असतो तो म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित रचनांचा क्रमांक, बाकी त्यात गूढ काही नाही. एवढे शब्द पुरेत.

आता 'सगळं लिहिलेलं आहे तर मग वेगळं काय वाजवणार' हा प्रश्न येतोच. नाटकाची संहिता घ्या. वाक्यं ठरलेली, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, तरी नट बदलला की तेच नाटक वेगळं होतं, एकाचा राग थंड असतो, दुसऱ्याचा उकळता, एखादा नट असा थांबतो की त्या थांबण्यातच सगळं कळतं. कॉन्चेर्टोचा कागद म्हणजे अशी संहिता, आणि रेकॉर्डिंग म्हणजे त्या नटाचा त्या दिवशीचा प्रयोग.

रोझा नक्की कोण?

मिक्लोश रोझा १९०७ मध्ये बुडापेस्टला जन्मला. मामा बुडापेस्टच्या ऑपेरात व्हायोलिन वाजवायचा, त्यानं पाचव्या वर्षी ह्याच्या हातात व्हायोलिन दिलं, पुढे व्हियोला आणि पियानोही आला. घरची शेतजमीन बुडापेस्टच्या उत्तरेला होती, तिथे पालोत्स नावाचे हंगेरियन लोक राहायचे आणि त्यांची गाणी हा मुलगा ऐकून लिहून ठेवायचा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे आयुष्यभर त्याच्या संगीतात जे काही 'रोझासारखं' आहे ते बरचसं इथून आलंय. हंगेरियन भाषेत शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर असतो, त्यामुळे तिथल्या गाण्यांतही सुरुवातीलाच ठोका बसतो आणि मग पुढचा सूर लांबवला जातो. एकदा कानाला कळलं की रोझाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो असो की रथांच्या सिनेमाचं संगीत असो, तो ठोका सगळीकडे सापडतो.

लाइप्झिगला शिकला, मग पॅरिस, मग लंडन. सिनेमात यायचं कारण अगदी साधं, मैफलीच्या संगीतावर पोट भरत नव्हतं. पॅरिसमध्ये असताना आर्थर ओनेगेर या नावाजलेल्या संगीतकारानं त्याला सांगितलं की मी सिनेमांना संगीत देऊन जगतो. तिथून दार उघडलं. लंडनमध्ये सिनेमे काढणाऱ्या कोर्डा बंधूंसोबत काम सुरू झालं, १९४० मध्ये 'द थीफ ऑफ बगदाद' पूर्ण करायला हॉलिवूडला गेला आणि तिथलाच झाला. पुढे तीन ऑस्कर: १९४५ चा 'स्पेलबाउंड', १९४७ चा 'अ डबल लाइफ' आणि १९५९ चा 'बेन-हर'.

पण मैफलीचं लिहिणं त्यानं सोडलं नाही. १४ नोव्हेंबर १९४३ ला कार्नेगी हॉलमध्ये संचालक, म्हणजे हातवारे करून ऑर्केस्ट्रा चालवणारे, ब्रूनो वॉल्टर आजारी पडले म्हणून ऐनवेळी पंचवीस वर्षांच्या लेनर्ड बर्नस्टाइनला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभं केलं आणि तो एका दिवसात प्रसिद्ध झाला, हा किस्सा पुष्कळांना माहीत असतो, पण त्या दिवशीच्या कार्यक्रमात रोझाची एक रचनाही होती हे सहसा कुणी सांगत नाही. एमजीएम स्टुडिओशी करार झाला तेव्हाही उन्हाळ्यात स्वतःचं संगीत लिहायला मोकळा वेळ मिळेल अशी सोय त्यानं करून घेतली. म्हणजे वर्षभर सिनेमा, आणि उन्हाळ्यात इटलीत समुद्रकाठी बसून कॉन्चेर्टो.

स्वतःच्या आत्मचरित्राला त्यानं 'डबल लाइफ' हेच नाव दिलं. दुहेरी आयुष्य. मला यात तक्रार दिसत नाही, जे होतं ते त्यानं सरळ सांगितलंय.

व्हायोलिन कॉन्चेर्टो: एका रेकॉर्डची गोष्ट

१९५३ साल. त्याच वर्षी त्याचं संगीत असलेला 'ज्युलियस सीझर' हा सिनेमा आला. आणि त्याच वर्षी त्यानं यशा हायफेट्झकडे चौकशी केली की मी व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला तर तुम्ही वाजवाल का. हायफेट्झ म्हणजे तेव्हाचा जगातला सगळ्यात नावाजलेला व्हायोलिनवादक, त्याच्यासाठी लिहायला कोण तयार नसेल. उत्तर आलं की आधी एक मूव्हमेंट लिहा, मग बघू. रोझा इटलीत रापाल्लोला गेला आणि त्यानं सहा आठवड्यांत एक नाही, तिन्ही मूव्हमेंट लिहून टाकल्या. हो की नाही ते अजून ठरलेलंही नव्हतं! पुढे दोघांनी मिळून त्यावर काम केलं, बदल झाले, आणि जानेवारी १९५६ मध्ये डॅलस सिम्फनीबरोबर, वॉल्टर हेंडलच्या संचालनात, हायफेट्झनं तो पहिल्यांदा वाजवला. त्याच वर्षी तिथेच आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंग झालं.

हे रेकॉर्डिंग आजही मिळतं आणि ते ऐकायलाच हवं. ऑर्केस्ट्रा लांबलचक प्रस्तावना करत बसत नाही, थोडीशी हालचाल होते आणि व्हायोलिन जवळजवळ लगेच आत शिरतं. हायफेट्झचा हात कसा असतो तर पुढे झुकलेला, म्हणजे आता पुढच्या सुरावर जायचंय ही ओढ प्रत्येक सुरात असते, संथ भागातसुद्धा तो रेंगाळत नाही. दुसरी मूव्हमेंट म्हणजे एक गाणंच आहे, बोलांशिवायचं, आणि तिथे एखादा कमी ताकदीचा वादक सहज गोड गोड करून टाकेल पण हायफेट्झ ती अशी वाजवतो की दुःख आहे पण कुणाला सांगायचं नाहीये. तिसरी मूव्हमेंट सरळ नाच आहे, हंगेरियन, पाय आपटणारा, आणि शेवट गाठेपर्यंत तो श्वास घेऊ देत नाही.

"म्हणजे हे सिनेमाचंच संगीत ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. कुणीतरी म्हणतं, ऐकताना डोळ्यांसमोर सिनेमाच येतो, मग ह्याला शास्त्रीय कशाला म्हणायचं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सिनेमाचं संगीत कसं लिहितात? संगीतकाराला सेकंदांची यादी मिळते. दार उघडतं, चार सेकंद, नायिका वळते, सात सेकंद, संवाद सुरू, आवाज कमी करा. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने कपडा शिवणं. शिंपी कितीही कसबी असला तरी बाही किती लांब हे त्याच्या हातात नसतं. कॉन्चेर्टोत तसं माप देणारं कुणी नसतं. एक धून घेतली, तिला फोडली, तिचा अर्धा तुकडा खालच्या सुरांत नेला, दहा मिनिटांनी ती उलट्या अंगाने परत आणली, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे असंच व्हायला हवं होतं. अर्धा तास संगीत स्वतःच्या पायावर उभं करायचं, खाली चित्राचा आधार नाही. रोझाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो या परीक्षेत पूर्ण उतरतो असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, आवाज सिनेमासारखा का वाटतो. कारण दोन्हीकडे लिहिणारा हात एकच आहे! एखाद्याचं अक्षर पत्रात आणि हिशेबाच्या वहीत सारखंच दिसणार. रोझाची ओळखच अशी आहे की तो गावच्या गाण्यातले पाच सूर घेतो, त्याच्याभोवती जाड, थोडे खडबडीत सूर रचतो, आणि ती जी पहिल्या अक्षरावरची ठोक्याची लय मी वर सांगितली ती सोडत नाही. ती ओळख सिनेमात येण्याआधीची आहे, १९२० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेल्या त्याच्या सुरुवातीच्या रचनांतही आहे. म्हणजे कॉन्चेर्टो सिनेमासारखा वाटतो असं म्हणण्यापेक्षा सिनेमा रोझासारखा वाटतो असं म्हणणं जास्त खरं.

याच बाबतीत एरिक कॉर्नगोल्डशी तुलना करून बघा. तोही युरोपातून हॉलिवूडला आलेला, तोही ऑस्करवाला, त्याचाही व्हायोलिन कॉन्चेर्टो १९४७ मध्ये हायफेट्झनंच पहिल्यांदा वाजवला. पण कॉर्नगोल्डनं त्यात स्वतःच्या सिनेमांतल्या धुना उघडपणे वापरल्या, 'अनदर डॉन', 'हुआरेझ', 'अँथनी अ‍ॅडव्हर्स', 'द प्रिन्स अँड द पॉपर' यातल्या. ते चूक नाही, आणि तो कॉन्चेर्टो सुंदरच आहे, आज तर तो रोझापेक्षा कितीतरी जास्त वाजतो. रोझानं मात्र दोन वह्या वेगळ्या ठेवल्या. त्याच्या बाबतीत प्रवास उलटा झाला.

झालं असं की दिग्दर्शक बिली वाइल्डरकडे हायफेट्झची ती तबकडी होती. रोझानं आठवण लिहून ठेवलीय की वाइल्डरनं ती इतकी वाजवली, इतकी वाजवली की झिजली आणि त्याला दुसरी प्रत हवी होती. शेरलॉक होम्स व्हायोलिन वाजवतो, वाइल्डर होम्सवर सिनेमा लिहीत होता, आणि लिहिताना हेच संगीत ऐकत होता. मग त्यानं रोझालाच सांगितलं की या कॉन्चेर्टोवरून सिनेमाचं संगीत करून दे. तो सिनेमा म्हणजे १९७० चा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स'. पहिल्या मूव्हमेंटची धून होम्सच्या कोकेनच्या व्यसनाला, दुसरीतलं गाणं गाब्रिएल नावाच्या बाईला, आणि तिसरीतली धावपळ लॉख नेस या स्कॉटलंडमधल्या तळ्यातल्या राक्षसाला. त्या सिनेमात बॅले चालू असताना ऑर्केस्ट्राचं संचालन करणारा जो माणूस दिसतो तो स्वतः रोझा आहे.

बघा म्हणजे, १९५३ ला मैफलीसाठी लिहिलं, १९५६ ला रेकॉर्ड झालं, आणि त्या रेकॉर्डमुळे, लिहिल्यापासून सतरा वर्षांनी, सिनेमात गेलं. ती तबकडी नसती तर हे झालंच नसतं. मी म्हणते ना रेकॉर्डिंग ही या संगीताची राहायची जागा आहे, ती अशी.

हायफेट्झनं वाजवलंय, मग बाकीच्यांनी कशाला?

हा प्रश्न खरंच विचार करण्यासारखा आहे. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानंच वाजवलेलं आहे, संगीतकाराबरोबर बसून वाजवलेलं आहे, मग त्याच्या पुढे कोण जाणार?

उत्तर असं की पुढे जायचा प्रश्नच नाही, बाजूला जायचा आहे. हायफेट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन एकदम कानाशी आहे, ऑर्केस्ट्रा मागच्या खोलीत. त्या काळी स्टार वादकाचं रेकॉर्डिंग असंच व्हायचं, माइक त्याच्या जवळ. त्यात व्हायोलिनचं सगळं कळतं, तार आणि बो म्हणजे गज यांचं घर्षणसुद्धा, पण रोझानं ऑर्केस्ट्रासाठी काय लिहिलंय ते बरंच झाकलं जातं. आणि रोझा ऑर्केस्ट्राचा फार मोठा कारागीर होता! बासरीसारखी लाकडी फुंकवाद्यं व्हायोलिनची ओळ हळूच उचलतात, हॉर्न मागून उत्तर देतात, हे सगळं नंतरच्या रेकॉर्डिंग्जमध्ये उजेडात येतं.

जेनिफर पाइकनं बीबीसी फिलहार्मोनिकबरोबर, रुमॉन गाम्बाच्या संचालनात केलंय ते ऐका, ती २००२ मध्ये बाराव्या वर्षी बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकलेली मुलगी. तिच्याकडे वाक्यं जास्त मोकळी आहेत, संथ भागात ती थांबून आजूबाजूला बघते असं वाटतं. रॉबर्ट मॅकडफीनं अटलांटा सिम्फनीबरोबर योएल लेव्हीच्या संचालनात केलंय, ते टेलार्क या रेकॉर्ड कंपनीचं, आणि टेलार्कवाले आवाजाच्या खोलीसाठी ओळखले जायचे, म्हणजे हॉलमध्ये मधल्या रांगेत बसल्यासारखं ऐकू येतं. अनास्तासिया खित्रुकचं नॅक्सॉस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीवर आहे. बाइबा स्क्रिडेनं तर हा कॉन्चेर्टो कॉर्नगोल्ड आणि बर्नस्टाइनच्या शेजारी ठेवून एकत्र अल्बम केला, सांतु-मातियास रोउवाली संचालक, त्यामुळे दोन हॉलिवूडवाले संगीतकार एकामागोमाग ऐकता येतात आणि वर मी जो फरक सांगितला तो कानाला लगेच कळतो.

मला स्वतःला कुठलं आवडतं? व्यसन म्हणाल तर हायफेट्झ. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी पाइकचं पाठवते, कारण त्यात संपूर्ण रचना दिसते.

व्हायोलिन ऐकू येतं, चेलो का बुडतो?

इथे थोडं विज्ञान, पण सोपं. गर्दीत लहान मूल रडलं तर लांबून ऐकू येतं, आणि जाड आवाजाचा माणूस शेजारी हळू बोलला तरी शब्द हरवतात. कानाची रचनाच अशी आहे की साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज आपल्याला सगळ्यात पटकन लागतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार १९६ हर्ट्झची, बारीक तार ६५९ ची, आणि वर जाऊन तिचे सूर आणि त्यांचे झंकार बरोबर त्या पट्ट्यात चमकतात. व्हियोलाची जाड तार १३१ हर्ट्झच्या आसपास, चेलोची तर ६५. म्हणजे चेलो ज्या मधल्या-खालच्या प्रदेशात बोलतो तिथे ऑर्केस्ट्रातले इतर चेलो, बॅसून नावाचं जाड आवाजाचं फुंकवाद्य, हॉर्न, ट्रॉम्बोन सगळेच गर्दी करून असतात.

म्हणून चेलो कॉन्चेर्टो लिहिणं ही वेगळीच कसरत असते, चेलो बोलायला लागला की बाकीच्यांना गप्प करावं लागतं किंवा पातळ करावं लागतं. आणि स्टेजवर जे नीट जमत नाही ते रेकॉर्डिंगमध्ये इंजिनियर जमवू शकतो, सोलोइस्टचा माइक थोडा वर, ऑर्केस्ट्रा थोडा खाली. काही जणांना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत, हॉलमध्ये डोळे मदत करतात, बो हलताना दिसला की कान तिकडे वळतात आणि आवाज जास्त ऐकू आल्यासारखा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये डोळे नाहीत, तर ती भरपाई माइकने केली इतकंच. हां, अति केलं तर चेलो हत्तीएवढा वाटायला लागतो, ते मात्र वाईट.

रोझाचा चेलो कॉन्चेर्टो, ओपस ३२, यानोश श्टार्करसाठी लिहिलेला, तोही बुडापेस्टचा. १९६० च्या दशकाच्या शेवटचा. व्हायोलिन कॉन्चेर्टोची ऊब इथे कमी आहे, रंग गडद, सूर कडक, ज्याला 'बेन-हर' अपेक्षित आहे त्याला हा पहिल्यांदा परकाच वाटेल. लिन हॅरेलचं रेकॉर्डिंग, मॅकडफीच्याच अल्बमवर आहे ते, यात चेलो नेमका हवा तेवढाच पुढे आहे. एक करून बघा, ऑर्केस्ट्रा गरजत असताना चेलोचा आवाज हरवतो का ते ऐका, आणि मग ऑर्केस्ट्रा एकदम बाजूला होतो तेव्हा मागे काय उरतं तेही.

दोघांची रचना, आणि अर्धीच तबकडी

व्हायोलिन कॉन्चेर्टोनंतर हायफेट्झ आणि चेलोवादक ग्रेगोर पियाटिगोर्स्की या दोघांना मिळून वाजवायला काहीतरी हवं होतं, रोझानं त्यांच्यासाठी 'सिन्फोनिया कॉन्चेर्तांते' लिहिली, ओपस २९, म्हणजे दोन सोलोइस्टचा कॉन्चेर्टोच समजा. पण दोन मोठे कलावंत आणि एक रचना, कुणाला किती हा प्रश्न आलाच. शेवटी त्या दोघांनी पूर्ण रचना कधी वाजवलीच नाही, फक्त मधली मूव्हमेंट घेतली, छोट्या ऑर्केस्ट्रासाठी केलेली, आणि तेवढीच रेकॉर्ड केली. पूर्ण रचना १९६६ मध्ये शिकागोत झाली, तिथल्याच ऑर्केस्ट्रातले व्हिक्टर ऐताई आणि फ्रँक मिलर यांनी वाजवली, ज्याँ मार्तिनों संचालक.

मला याचं फार वाईट वाटतं. नावं एवढी मोठी होती म्हणून लोकांकडे जी तबकडी पोचली ती एका तुकड्याची, आणि कितीतरी वर्षं लोकांना वाटत राहिलं की रचना तेवढीच आहे. पूर्ण ऐकायची असेल तर खित्रुकच्याच नॅक्सॉस अल्बमवर आहे, चेलोवर आंद्रेई चेकमाझोव्ह, संचालक दिमित्री याब्लोन्स्की. आधी हायफेट्झ-पियाटिगोर्स्कीचा तुकडा ऐका, मग पूर्ण, आणि तो तुकडा मधे कसा बसतो ते बघा. भिंतीवरून काढून आणलेलं चित्र परत त्याच्या भिंतीवर लावल्यासारखं होतं.

शोधताना गफलत होते ती

'स्पेलबाउंड कॉन्चेर्टो' नावाचं एक येतं, ते पियानोचं, सिनेमातल्याच धुनांवरून केलेलं, आपण बोलतोय त्यातलं ते नाही. 'कॉन्चेर्टो फॉर स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा' ओपस १७ असं दुसरं येतं, १९४३ चं, त्यात सोलोइस्टच नाही, सगळी तारवाद्यंच एकमेकांशी बोलतात. चांगली रचना आहे, पण तारवाद्याचा कॉन्चेर्टो म्हणून शोधलंत आणि एकटं व्हायोलिन कुठे ऐकूच येईना असं झालं तर कारण हे. आकडे लक्षात ठेवा, २४ व्हायोलिन, २९ दोघांचं, ३२ चेलो, ३७ व्हियोला.

"पण मला यातलं काही कळत नाही"

कळायला हवं असं कुणी सांगितलं? एवढंच करा. व्हायोलिन कॉन्चेर्टोची फक्त दुसरी मूव्हमेंट घ्या, हेडफोन लावा, हायफेट्झची पहिली दोन मिनिटं ऐका, मग लगेच पाइकची तीच दोन मिनिटं. तिसऱ्यांदा परत हायफेट्झ. सूर तेच आहेत हे कान मान्य करेल, आणि तरी तुम्हाला एक जण जवळचा वाटेल. का वाटला याचं उत्तर लगेच शोधू नका. माझ्या भाचीला मी हे करायला लावलं, तिला संगीताचा गंध नाही, तर ती म्हणाली पहिला माणूस सांगून मोकळा होतो आणि दुसरी सांगू की नको असं करते. मी इतकी वर्षं ऐकतेय, मला ते इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं.

आणि शेवटी व्हियोला

व्हियोलाचं दुखणं म्हणजे तिला ना व्हायोलिनची चमक ना चेलोची खोली, ऑर्केस्ट्रात ती मधे दबून असते आणि तिच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिणारेही कमीच. रोझानं लहानपणी व्हियोला हातात धरलेली होती. ओपस ३७ त्यानं पिंकस झुकरमनसाठी लिहिला, मे १९८४ मध्ये पिट्सबर्गला पहिल्यांदा वाजला, संचालक आंद्रे प्रेव्हिन, जो स्वतः तरुणपणी एमजीएममध्ये सिनेमांना संगीत देत होता आणि ज्याला ही दोन आयुष्यांची ओढाताण आतून माहीत होती. त्याआधीच, १९८२ मध्ये, रोझाला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली ही त्याची शेवटची मोठी रचना.

लॉरेन्स पॉवरचं रेकॉर्डिंग हायपेरियनवर आहे, बेर्गेन फिलहार्मोनिक, अँड्र्यू लिटन, आणि त्याच अल्बमवर बार्टोकचा व्हियोला कॉन्चेर्टो आहे, जो बार्टोक १९४५ मध्ये गेला तेव्हा अर्धवट राहिला आणि टिबोर शेर्लीनं पुरा केला. दोन हंगेरियन, दोघंही अमेरिकेत गेलेले, दोघांचीही व्हियोलावरची ही शेवटाकडची रचना. व्हियोला तिथे अशी काही बोलते की एवढी वर्षं हिला कुणी विचारलं कसं नाही असं वाटतं.

दुसरं एक आहे, नॅक्सॉसवर, गिलाद कार्नीची व्हियोला आणि संचालक मारिउश स्मोली. ऑर्केस्ट्रा बुडापेस्टचा, 'माव' नावाचा, १९४५ मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेने काढलेला. रोझा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना ते शहर सोडून शिकायला गेला होता, १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला वारला. या रेकॉर्डिंगमध्ये ऑर्केस्ट्राचा आवाज पॉवरच्या अल्बमइतका गुळगुळीत नाही, पण पहिल्या अक्षरावरचा तो ठोका त्यांना कुणी शिकवावा लागलेला नाही. ते दिवसभर त्याच भाषेत बोलतात. मी हे रात्री ऐकते, संथ मूव्हमेंट परत एकदा लावून.